लाईट नसतानाही उघडली पाहिजे: नव्या घरातली सुटकेची वाट आणि खिडक्यांची मोटरची शटरं

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्री पावणेतीनला सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात जळकट वास सुटला. जिन्याखालच्या इन्व्हर्टरची वायर तापून वितळली होती, मेन पडला होता आणि घरभर काळोख. आई मागच्या खोलीत झोपते. तिच्या खिडकीतून पश्चिमेचा पाऊस सरळ आत यायचा, म्हणून तिथे आम्ही हौसेनं मोटरचं शटर, म्हणजे मोटरनं गुंडाळून वर-खाली होणारं पट्ट्यांचं आवरण, बसवलेलं. मी धावत गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून रिमोटचं बटण दाबत होती. पुन्हा पुन्हा दाबत होती. शटर हलत नव्हतं, आणि जिन्याकडचा धूर बोळातून तिच्या दारापर्यंत पोचला होता. तिला धरून त्याच धुरातून पुढच्या दारानं अंगणात आणलं. दुसरी वाटच नव्हती.

घर पेटलं नाही. आईला दोन दिवस खोकला राहिला. सकाळी मी घड्याळ लावून एकच गोष्ट तपासली: शटर हातानं उघडायचं हँडल शोधून खिडकी मोकळी करायला किती वेळ लागतो? हँडल स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, वॉरंटी कार्डाच्या पिशवीत सापडलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.

मी अठरा वर्षं सांगली-मिरजेत घरांच्या बांधकामावर देखरेख करते. शटर घेताना मी पट्टीची जाडी विचारली, रंग विचारला, मोटरची वॉरंटी विचारली. लाईट गेल्यावर आई त्या खिडकीतून कशी बाहेर पडेल, हे विचारलं नाही. त्यानंतर देखरेखीला घेतलेल्या प्रत्येक घरात मी ज्या क्रमानं हे काम करून घेते, तो क्रम इथे लिहिते आहे. घर अजून नकाशावर असेल तर यातलं बहुतेक सगळं फुकटात होतं. ग्रिल आणि शटरं लागून गेली असतील तर थोडा खर्च आहे, पण तोही करावा.

आधी नकाशा घ्या आणि प्रत्येक पलंगापासून दोन वाटा काढा

नकाशावर खोल्या मोजू नका, झोपायच्या जागा मोजा. आजोबांचा दिवाण हॉलमध्ये असेल तर हॉलही झोपायची खोली. प्रत्येक जागेपासून बाहेरपर्यंत पेन्सिलीनं एक रेघ ओढा. ती बहुधा खोलीचं दार, बोळ, जिना, हॉल, पुढचं दार अशी जाईल. आता समजा, हॉलमध्ये आग आहे. त्या रेघेला न शिवणारी दुसरी रेघ काढा. बहुतेक नकाशांत ती खिडकीवरच येऊन थांबते, आणि खिडकीला घट्ट वेल्ड केलेलं ग्रिल असतं. शटर त्याच्याही नंतर आलं. आपल्या घरांचा मूळ प्रश्न ग्रिलचा आहे. मोटरच्या शटरनं त्यावर दुसरं कुलूप चढवलं.

दुसऱ्या वाटेची माझी कसोटी सोपी आहे. घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाला ती अंधारात, किल्ली न शोधता, लाईट नसताना उघडता आली पाहिजे. पुढचं सगळं या एका वाक्यावर बेतलेलं आहे.

संकट कुठलं, त्यावर वाट वर जाते की खाली, हेही नकाशावरच ठरवावं लागतं. आगीत माणूस खाली आणि बाहेर पळतो. सांगलीच्या पुरात वाट वर जाते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी या भागांत माणसं वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर बसून बोटीची वाट बघत होती. अशा भागात गच्चीचं दार हाच सुटकेचा दरवाजा. कितीतरी घरांत त्याला कुलूप असतं आणि किल्ली खाली, देवघराशेजारच्या खिळ्याला. पाणी खालच्या मजल्यात शिरल्यावर ती किल्ली आणायला कोण उतरणार? गच्चीच्या दाराला आतून कडी असावी, कुलूप नसावं. चोराची भीती असेल तर दार चांगल्या जाड पत्र्याचं करा आणि आतून दोन कड्या लावा.

सातारा जिल्ह्यात, विशेषतः पाटण-कोयनेच्या बाजूला घर बांधत असाल तर तिसरी गोष्ट ध्यानात ठेवा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे सव्वाचारनंतर झाला, माणसं अंथरुणात असताना. हादऱ्यानं भिंत थोडी जरी तिरकी झाली तरी दाराची चौकट आवळते आणि दार अडकतं. शटर दोन बाजूंच्या खाचांतून सरकतं, त्यामुळे ते त्याहून लवकर अडकतं. अशा घरात एका खोलीच्या दोन्ही वाटा एकाच भिंतीत ठेवू नका.

जिना

इथे मी जरा कडक बोलणार आहे. जिन्याखाली इन्व्हर्टर, त्याशेजारी चपलांचं कपाट, वर मीटर आणि डीबी (घरभरच्या वायरिंगचा मुख्य स्विचबॉक्स), आणि आता इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंगही तिथेच, अशी रचना मी दर दुसऱ्या घरात बघते. घरात आग लागण्याची सगळ्यांत जास्त शक्यता असलेल्या चार-पाच वस्तू आपण नेमक्या त्या जागी ठेवतो, जिथून वरच्या मजल्यावरची सगळी माणसं खाली येणार असतात. धूर वर चढतो. जिना म्हणजे धुराचं धुराडं होतं.

इन्व्हर्टर आणि बॅटरी बाहेरच्या भिंतीला लागून, हवा खेळती राहील अशा ठिकाणी न्या. मागचा व्हरांडा चालतो. स्कूटर मोकळ्या पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडापासून दूर चार्ज करा, आणि रात्रभर लावून झोपू नका. लिथियम बॅटरी पेटली की तिचा धूर फार वेगानं भरतो आणि घरातल्या पाण्याच्या बादलीला ती दाद देत नाही. जिन्याखाली काही ठेवायचंच असेल तर पाण्याची पिंपं ठेवा.

जिन्याची रुंदी मोकळी ३ फूट तरी असावी. आजारी माणसाला खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं म्हटलं की अडीच फुटांत कोपर भिंतीला घासतात. हे मी बघितलेलं आहे.

प्रत्येक खोलीत एक खिडकी सुटकेची म्हणून नेमा

सगळ्या खिडक्या उघडणाऱ्या असायलाच हव्यात असं नाही. खोलीत एक पुरते, पण ती माणूस बाहेर जाईल एवढी मोठी पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ आग आणि जीवसुरक्षेवर आहे, तो तुमच्या आर्किटेक्टकडे असतोच. खिडकीतून बाहेर पडायच्या मापासाठी मात्र मी बाहेरच्या देशांचे आकडे सोबत ठेवते, कारण तिथे हा विषय इंचांत मांडलेला आहे. अमेरिकेच्या घरबांधणी नियमावलीत झोपायच्या खोलीच्या सुटकेच्या खिडकीला मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी निदान २० इंच, उंची निदान २४ इंच आणि खालची कड जमिनीपासून जास्तीत जास्त ४४ इंच, असं आहे. यात गंमत अशी की २० बाय २४ इंचांनी ५.७ चौरस फूट भरतच नाहीत. रुंदी २० इंच घेतली तर उंची ४१ इंच लागते. इंग्लंडमध्ये माप लहान आहे: ०.३३ चौरस मीटर, कुठलीही बाजू ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, कड १,१०० मिलिमीटरच्या आत. जर्मनीत खिडकीवरची शटरं पिढ्यान्‌पिढ्या नेहमीची आहेत, आणि तिथल्या नमुना नियमावलीत सुटकेची खिडकी ९० बाय १२० सेंटिमीटर, कड १२० सेंटिमीटरच्या आत, अशी मागितलेली आहे.

हे माप मोकळ्या जागेचं आहे, चौकटीचं नाही. आपल्याकडे फसगत इथेच होते. ४ फुटी दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी घेतली तर एका वेळी अर्धीच उघडते. फ्रेमची जाडी वजा केली की हातात जेमतेम २२ इंच उरतात. त्यात मच्छरजाळीचा पल्ला आडवा आला की अंधारात कुठला पल्ला कुठे सरकवायचा हेच कळत नाही. म्हणून सुटकेची खिडकी मी बिजागरीची घेते, बाहेर उघडणारी. ३ फूट रुंद, ४ फूट उंच, कड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. लहान मुलं असतील तर खिडकीखाली खाट किंवा टेबल ठेवायचं नाही, आणि वर, मुलांचा हात पोचणार नाही तिथे, एक जास्तीची कडी लावायची.

वरच्या मजल्यावर खिडकीच्या खाली काय आहे, ते जाऊन बघा. पार्किंगचा स्लॅब असेल तर उत्तम. रुंद छज्जा असेल तर निदान उभं राहून हाका मारता येतात. खाली थेट फरशी असेल तर इंग्लंडचा नियम लक्षात घ्या: खिडकीतून सुटका तिथे जमिनीपासून साडेचार मीटरपर्यंतच्या मजल्यापुरतीच धरतात. त्याहून वर शिडी किंवा दुसरा जिना हवा. आकडा अडकवून खाली सोडायची घडीची शिडी मिळते. ती त्याच खिडकीखालच्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको.

ग्रिल

मिरजेच्या एका फॅब्रिकेटरशी माझी दर वेळी तीच चर्चा होते. तो म्हणतो, "ताई, उघडणारं ग्रिल म्हंजे चोराला आवतण." आणि मी दर वेळी त्याला कागदावर चित्र काढून दाखवते.

ग्रिलची चौकट भिंतीत पक्की, पण तिचा एक भाग, निदान २ बाय ३ फुटांचा, बिजागरीवर. बिजागऱ्या आतल्या बाजूला, पिना वेल्ड केलेल्या, म्हणजे बाहेरून निघणार नाहीत. कडी आतून, आणि तिच्यापुढे बाहेरच्या बाजूला जाड पत्र्याची आडवी पट्टी. म्हणजे दोन गजांमधून हात घातला तरी कडीपर्यंत बोटं वळत नाहीत. ही पट्टी तो एरवी विसरतो, म्हणून मी ती नकाशावरच काढून देते. कडीला कुलूप घालायचं नाही. ज्यांना कुलपाशिवाय झोपच लागत नाही, त्यांनी किल्ली त्याच भिंतीवर, खिडकीपासून एक हात बाजूला, बाहेरून गज घालूनही ओढता येणार नाही अशा जागी टांगावी. तिला लाल रिबन बांधावी आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नये.

ग्रिलची कडी पावसाळ्यात गंजते. दिवाळीच्या साफसफाईत आपण खिडक्यांच्या काचा पुसतो, तेव्हाच कडीला आणि बिजागरीला तेल सोडायचं आणि ग्रिल एकदा पूर्ण उघडून बघायचं. रंगकाम झाल्यावर तर नक्कीच. रंगाच्या थरानं ग्रिल चौकटीला चिकटलेलं असतं आणि ते वर्षभर कुणाला कळत नाही.

आता शटर

आतापर्यंतची कामं झाली असतील तरच शटरकडे वळा. शटर वाईट नाही. पाऊस अडतो, ऊन अडतं, मिरज रोडवरच्या ट्रकांचा आवाज कमी होतो, आणि घर बंद करून गावाला जाताना जीव निवांत राहतो. फक्त ते कुठल्या खिडकीला लावायचं, हे आपण ठरवायचं. दुकानदार ठरवणार नाही.

माझा पहिला सल्ला, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: खोलीला दोन खिडक्या असतील तर सुटकेच्या खिडकीला शटर लावूच नका. तिला छज्जा मोठा करा, चांगली रबरपट्टी लावा, जाड पडदा लावा. शटर दुसरीला. आईच्या खोलीत आता असंच आहे. पूर्वेच्या लहान खिडकीची मोठी केली, ती शटरशिवाय, बिजागरीच्या ग्रिलची.

खोलीला एकच खिडकी असेल आणि शटर हवंच असेल, तर त्याची कळ समजून घ्या. गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या नळीच्या आत मोटर बसवलेली असते. वर आणि खाली कुठे थांबायचं, हे तिला आधी लावून दिलेलं असतं. शटर खाली पूर्ण टेकलं की पट्ट्यांना नळीशी जोडणारे वरचे पोलादी दुवे ताठ होतात, म्हणून बाहेरून उचलता येत नाही. चोरापासून बचाव होतो तो यामुळेच. आणि याच कारणानं आतूनही हातानं उचलता येत नाही. "वेळ आली तर हातानं ढकलू" असं कुणी म्हणालं तर समजा, त्यानं ते कधी करून बघितलेलं नाही.

उघडायचे मार्ग मग तीन. हातानं पट्टा ओढून उघडायचं शटर सगळ्यांत साधं. लाईट लागतच नाही. चार फुटांची खिडकी दहा-पंधरा सेकंदांत उघडते. मध्यम मापाच्या एकट्या खिडकीला मी आजही हेच सुचवते, आणि ते स्वस्तही पडतं. दुसरा मार्ग मोटर आणि सोबत हँडलनं फिरवायची सोय, जी आमच्याकडे होती. मोटर तेच काम अर्ध्या मिनिटात करते. हँडल मात्र दात्यांतून फिरतं, त्यामुळे फेरे फार लागतात. आमच्या चार फुटी खिडकीला एकशे चाळीसच्या आसपास. मला तीन मिनिटं लागली, आईला पाच मिनिटांनंतर दम लागला आणि अर्ध्यावर थांबावं लागलं. शिवाय काही मोटरींना हँडलची सोयच नसते. घेताना आकडा अडकवायचं छिद्र प्रत्यक्ष बोट लावून बघा. तिसरा मार्ग मोटरची स्वतःची बॅटरी, म्हणजे लाईट गेली तरी निदान काही वेळा शटर वर जाईल अशी. ही बॅटरी शटरच्या पेटीत किंवा शेजारी बसते आणि तिचा घरच्या वायरिंगशी संबंध फक्त चार्जिंगपुरता.

घरातला इन्व्हर्टर हा याला पर्याय नाही, हे ठासून सांगते. आमच्याकडे बिघडला तो इन्व्हर्टरच. आगीत वायर जळते, पुरात महावितरण खबरदारी म्हणून लाईट आधीच बंद करतं, आणि इन्व्हर्टर तळमजल्यावर असेल तर पाणी त्याच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचतं. शटर इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर चालवा, पण ती सोय रोजच्या भारनियमनापुरती समजा.

दुकानात हे प्रश्न विचारा आणि उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या: लाईट नसताना हे शटर कसं उघडतं? बॅटरी असेल तर किती वेळा? ती किती वर्षांनी बदलायची? मोटर तापून थांबली तर किती वेळानं चालू होते? हा शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही. या मोटरी सलग साधारण चार मिनिटं चालण्यासाठीच बनवलेल्या असतात. मुलांनी खेळताना बटण दाबून शटर वर-खाली केलं की मोटर तापते आणि आतला कटआउट तिला बंद करतो. थंड झाल्यावर ती आपोआप सुरू होते. घाबरलेल्या माणसाला वाटतं ती जळली, आणि घाईघाईत चालू-बंद, चालू-बंद करणं हेच तापण्याचं कारण असतं.

हँडल कुठे ठेवायचं? त्याच खोलीत, खिडकीशेजारी, भिंतीला खुंटी मारून. उंची खोलीत झोपणाऱ्याच्या खांद्याएवढी. पडद्यामागे नको. अंधारात स्वतःहून उजळणारी रेडियमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती हँडलला आणि खुंटीच्या पाटीला लावा.

बटण, रिमोट आणि मोबाइल

प्रत्येक शटरला त्याच खोलीत भिंतीवर वायरचं बटण हवं, पलंगावरून हात पोचेल असं. रिमोट गादीखाली जातो, सेल संपतो. मोबाइलवरून चालणारी शटरं तर घरातल्या राउटरवर अवलंबून असतात आणि लाईट गेली की राउटरही जातो. हे सगळं सोयीसाठी ठीक आहे, पण भिंतीवरचं बटण वगळून नको.

शटरांना डीबीमधून वेगळा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या आणि तळमजला व वरचा मजला वेगवेगळे ठेवा, म्हणजे खाली बिघाड झाला तरी वरची शटरं चालतात. विजेची गळती झाली की लाईट तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घराला हवाच, पण सगळ्या घराला एकच नको. गीझरमधल्या विजेच्या गळतीनं तो पडला तर शटरंही जागीच थांबतात.

संध्याकाळी सात वाजता सगळी शटरं आपोआप खाली, अशी वेळ लावून देणारे आता पुष्कळ आहेत. बाल्कनीच्या आणि गच्चीच्या दाराला ही वेळ लावू नका. कपडे काढायला बाहेर गेलेली बाई बाहेरच अडकते, आणि आत फोन वाजत राहतो. तिथे अडथळा आला की थांबणारी मोटर घ्या, आणि बाहेरच्या बाजूलाही एक बटण.

गॅसचा वास आला तर शटरला हात लावू नका

हे वेगळं लिहिते आहे, कारण शटरच्या घरात ही नवी अडचण तयार झालेली आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत साचतो. पूर्वी आपण काय करायचो? खिडक्या-दारं सताड उघडायचो. आता खिडकीवर शटर, आणि शटर उघडायला बटण. बटण दाबलं की ठिणगी पडू शकते. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीला मोटरचं शटर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाचा त्रास असेल तर बाहेरून पत्र्याचा पडवीसारखा आडोसा करा. ओट्याखाली, फरशीलगत, बाहेरच्या भिंतीत जाळीचं एक भोक ठेवा.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दार हातानं उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, पंखाही नाही. बाहेर येऊन मग फोन. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. आगीसाठी १०१ किंवा ११२. तिन्ही नंबर मोबाइलमध्ये असतातच, पण घराबाहेर, फाटकाच्या आतल्या बाजूलाही लिहून ठेवा. लोक फोन आतच विसरून बाहेर येतात. शेजाऱ्याच्या फोनवरून लावायचा तर नंबर डोळ्यांसमोर पाहिजे.

धूर जागं करत नाही

झोपलेल्या माणसाला वासानं जाग येईल यावर विसंबू नका. आगीत बळी जातात त्यातले पुष्कळ धुरानं जातात, ज्वाळा पोचायच्या आधी. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि जिन्याच्या माथ्यावर छताला लावा, भिंतीपासून फूटभर आत. स्वयंपाकघरात तो फोडणीला ओरडतो, म्हणून तिथे उष्णतेवर चालणारा घ्या. बहुतेकांवर तपासणीचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. रात्री खोलीचं दार लोटून झोपायची सवय लावा. साधं लाकडी दारही धूर आणि आग काही मिनिटं अडवून धरतं, आणि तेवढ्या वेळात खिडकीचं ग्रिल उघडतं.

पाणी वाढायला लागलं तर

पूररेषेजवळच्या घरांसाठी शटरचा नियम उलटा आहे. पाणी यायच्या आधी, लाईट असतानाच, वरच्या मजल्यावरची शटरं पूर्ण वर करून ठेवा, निदान एक मोठी खिडकी आणि गच्चीचं दार. खालच्या मजल्याची बंद ठेवलीत तर नंतर ती उघडायची आशा धरू नका. एका बाजूला पाणी ३ फूट ३ इंच, म्हणजे मीटरभर चढलं की दाराच्या दर मीटर रुंदीवर साधारण ५०० किलोंचा रेटा येतो. पट्ट्या खाचांत दाबल्या जातात आणि मोटरही त्या ओढू शकत नाही. म्हणून पुलाजवळची पातळी ४० फुटांकडे निघाली की वयस्कर माणसं, औषधं आणि कागदपत्रं आधी हलवायची. गाडी आणि फ्रिज नंतर.

शेवटचा हप्ता देण्याआधी

शटरवाल्याचा आणि फॅब्रिकेटरचा शेवटचा दहा टक्के हप्ता मी हे झाल्याशिवाय देऊ देत नाही. रात्री नऊनंतर मेन बंद करायचा. टॉर्च नाही, मोबाइल नाही. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या पलंगावर आडवं व्हायचं आणि एकानं "निघा" म्हटलं की खोलीचं दार न वापरता बाहेर पडायचं. दुसरा घड्याळ धरतो. ग्रिल अडकलं, हँडल सापडलं नाही, खिडकीखाली कुंडी ठेवलेली निघाली, सगळं त्याच रात्री कळतं. मुलांना हा खेळ आवडतो. आजी-आजोबा आधी नको म्हणतात, मग तेच सगळ्यांत बारकाईनं चुका काढतात. बाहेर आल्यावर कुठे जमायचं तेही ठरवा, म्हणजे कुणी आत राहिलं का ते मोजता येतं. आमच्या घराची जागा समोरच्या कडुलिंबाखाली आहे.

आईनं पहिल्यांदा केलं तेव्हा तिला चार मिनिटं लागली, कारण कडी जरा उंच होती. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरला बोलावून ती पाच इंच खाली घेतली. कडीच्या टोकाला आईनं स्वतः एक जुन्या साडीची चिंधी बांधली, हाताला लगेच लागावी म्हणून. आता चाळीस सेकंद लागतात.